गव्हाणीतला बाळंतविडा

(कसबा बावडा. नाताळच्या आदल्या दिवशीची तिन्हीसांज. नदीवरचं धुकं गल्लीत शिरलंय आणि गुऱ्हाळाचा गोड वास त्यात मुरलाय. दारातली कागदी चांदणी नुकतीच लागलीय. नओमी आणि समोरच्या घरातली आक्का लाकडी गव्हाणीत पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरत बसल्यात. तेवढ्यात आतल्या खोलीत कपाटाची कडी वाजते.)

नओमी : कडी वाजली का आत?

आक्का : मांजर आसंल.

नओमी : मांजर कडी काढत नाही, आक्का. शिप्रा, काय करतेयस गं?

शिप्रा : काही नाही.

आक्का : काही न्हाई म्हणती म्हंजे काय तरी हाय. असू दे. सणाचं वरडू नगंस तिला. आन् तू ते पिंजर असं दाबू नगंस, जरा फुलवून ठीव. माझ्या म्हायारचं हाय, शाहूवाडीचं. भात झोडपायच्या आदीच भावाला सांगून ठेवल्यालं, एक पेंडी येशूबाळाची बाजूला काढ म्हणून.

नओमी : दर वर्षी आठवणीनं आणता तुम्ही.

आक्का : आणतो की. तुझ्या सासूनं एकदा उसाचं वाडं घातल्यालं हितं. म्या म्हणलं, आवो, कुसं टोचत्यात लेकराच्या अंगाला. वाडं म्हशीला, लेकराला पिंजर. तवापासनं हे काम माझ्याकडंच आलं.

नओमी : गव्हाण पण तुमचीच.

आक्का : रेडकाची. रेडकू मोठं झालं तसं मालक म्हणालं, फोडून चुलीत घालूया. म्या म्हणलं, समोर द्या, त्यांच्या देवाला वर्सातनं एकदा लागती. सासू कुठं गेली तुझी?

नओमी : चर्चमध्ये. उद्याच्या गाण्यांची तालीम आहे. शमुवेल मंडपाची माळ लावायला गेलाय.

आक्का : सासू आन् नवरा तिकडं. आन् तू?

नओमी : शिप्राला खोकला आहे.

आक्का : तिला? सकाळधरनं गल्लीत बोंबलत फिरत हुती की.

नओमी : मग मला आहे असं समजा.

आक्का : समजतो. तिथं बायका इचारतील म्हणून गेली न्हाईस. व्हय का न्हाई? 'कशी हैस, बरी हैस का' म्हणत तोंडाकडं बघत बसतील.

नओमी : विचारत नाहीत त्या. तेच अवघड जातं. मी आले की बोलणं थांबतं त्यांचं. लहान बाळ असलेली कुणी असली की ती हळूच मागच्या बाकावर जाऊन बसते.

आक्का : त्यास्नी कळत न्हाई काय करावं.

नओमी : मला तरी कुठं कळतंय.

आक्का : बरं, आण जा. बाळंतविडा मांडूया. दिवे लागायच्या वक्ताला मांडायचा आसतोय.

नओमी : हा काय, पिशवीत आहे.

आक्का : पिशवीत? हा डबा?

नओमी : महाद्वार रोडवरनं आणला. झबलं, टोपरं, मोजे, दुपटं, सगळं एकातच आहे. लाडू आईंनी केलेत अळिवाचे, ते स्टीलच्या डब्यात आहेत.

आक्का : विकतचं.

नओमी : कापड चांगलं आहे.

आक्का : चांगलं आसंल की. प्लास्टिकच्या आत हाय, हात सुदिक लावता येत न्हाई. सासू काय म्हणाली?

नओमी : काही नाही म्हणाल्या.

आक्का : त्या म्हणायच्या न्हाईत. मीच म्हणतो. लगीन हून ह्या गल्लीत आलो तवापासनं बघतोय, ह्या घरात विकतचं कधी मांडल्यालं न्हाई. तुझी आजेसासू डोळ्यानं दिसंनासं झालं तरी चाचपत टाकं घालायची.

नओमी : मला माहीत आहे, आक्का. मशीनवर बसवत नाही.

आक्का : म्हंजे अजून?

नओमी : कव्हर पण काढलेलं नाही.

शिप्रा : मम्मी, तेजस्वीच्या घरी उद्या सांता सायकल आणणार आहे. गुलाबी. पुढं टोपली असलेली.

आक्का : तेजस्वी म्हंजे ती कोपऱ्यावरच्या पाटलांची? त्यांच्यात कुठला नाताळ?

शिप्रा : तेच की. ते ख्रिस्ती पण नाहीत आणि त्यांच्याकडं सांता येतो. आपण ख्रिस्ती आहोत आणि आपल्याकडं येतच नाही. शाळेत टीचरनी सगळ्यांना विचारलं, सांताकडं काय मागितलं. मी म्हटलं, आमच्यात मागत नाहीत, आमच्यात देतात. तर सगळे हसले.

नओमी : टीचर पण हसल्या?

शिप्रा : त्या म्हणाल्या, कुणाला देतात? मी म्हटलं, बाळाला. त्या म्हणाल्या, कुठल्या बाळाला? मग घंटा झाली.

आक्का : बरं झालं, घंटा झाली. सांगाय बसली आसतीस तर शाळा सुटली आसती.

शिप्रा : तुला सांगू, आक्काआजी? पणजीआजी नर्स होती. मिशनच्या दवाखान्यात. आणि नाताळच्या रात्री ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई आली, बैलगाडीतनं.

आक्का : आन् मग?

शिप्रा : तुला माहितीय.

आक्का : माहिती आसलं तरी सांग. तुझ्या तोंडनं गोड लागतंय.

शिप्रा : आणि तिला बाळ झालं. आणि बाळाला गुंडाळायला काहीच नव्हतं, फक्त पोतं होतं. गोणपाटाचं. आणि दवाखान्यातली सगळी दुपटी धुवायला गेलेली. मग पणजीआजीनं काय केलं, तिथं देखाव्यात येशूबाळाची बाहुली होती ना, तिचं दुपटं काढलं आणि त्या बाळाला गुंडाळलं. आणि सकाळी मोठ्या डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, येशू उघडा कसा? तर पणजीआजी म्हणाली, त्याला सवय आहे.

आक्का : हेच मला लई आवडतंय. त्याला सवय हाय.

शिप्रा : म्हणून आपण एकमेकांना काही द्यायचं नाही. वाढदिवस बाळाचा, म्हणून बाळालाच द्यायचं. आज गव्हाणीत मांडायचं आणि उद्या उपासना झाली की दवाखान्यात जायचं आणि आज रात्री जे बाळ होईल त्याला द्यायचं. पण मम्मी, सायकल वाढदिवसाला चालेल ना? माझ्या?

नओमी : बघू. पप्पांना विचारू.

शिप्रा : बघू म्हणजे नाही असतं. आत माझं एक काम राहिलंय.

आक्का : कसलं गं काम?

शिप्रा : आहे एक.

आक्का : गेली. पणजीवर गेलीया. नाव पण सुइणीचंच ठेवलंसा.

नओमी : आजेसासूबाईंनीच सांगून ठेवलेलं. पहिली मुलगी झाली तर शिप्रा. बायबलमधली सुईण, राजाचं न ऐकता बाळं वाचवणारी.

आक्का : एक इचारू का? लई वर्सं मनात हाय. तुमच्या मरीयामाईपाशी कोण हुतं त्या रात्री?

नओमी : योसेफ होता.

आक्का : बापय काय करतोय तिथं? पाणी तापवंल आन् दारात फेऱ्या मारंल. ना आई जवळ, ना सासू. पयलटकरीण. आन् त्या दिसात हिंडवायचं कशाला तिला?

नओमी : शिरगणती होती. सगळ्यांनी आपापल्या गावी जाऊन नाव लावायचं होतं.

आक्का : आधार कार्डाला आमास्नी तसंच केलं. म्हाताऱ्या माणसाला हेलपाटे, आन् शेवटाला बोटाचं ठसंच उमटंनात. पर सुईण आसंल बघ. गावात एखादी म्हातारी आसतीच. लिव्हणारे सगळे बापय, त्यास्नी ती दिसली न्हाई.

नओमी : मलाही तसंच वाटतं. असं धुकं उतरलं ना, की वाटतं ते गाव असंच असणार. नदी नसेल, पण धूर असा खाली बसलेला. गुरांचा वास. सगळ्या घरांची दारं लागलेली, आणि एक बाई हातात कंदील घेऊन भिंतीकडेनं येतेय. तिचा चेहरा दिसत नाही. नुसता उजेड हलतोय.

आक्का : मीच आसंन ती. माझ्या गोठ्यात कोण येऊन बाळंत हुतंय म्हणल्यावर मी घरात थांबतोय व्हय?

नओमी : तुम्ही आधी योसेफाला फैलावर घेतलं असतं.

आक्का : घेणारच की. आन् ते राजे आलं मागनं, त्यांनी काय आणल्यालं?

नओमी : सोनं, ऊद आणि गंधरस.

आक्का : सोनं काय चाटायचंय का बाळंतिणीला? त्यातल्या त्यात ऊद आणला ते ब्येस केलं. धुरीला लागतोय. लेकराची टाळू भरली, शेगडीवर ऊद टाकून कापडं शेकली, की लेकरू गप निजतंय. एखादी बाई बरोबर आसती तर खारका, डिंक, हाळीव घिऊन आली आसती.

नओमी : किती दिवसांनी हसले मी.

आक्का : बघितलं म्या. तोंड दुखलं आसंल.

नओमी : आक्का, मला एक स्वप्न पडतं. आतल्या खोलीत मशीन चालू असते. मी उठून जाते, तर तिथं कुणी नसतं. सुई आपली वर-खाली होतेय आणि पांढरं कापड पुढं पुढं सरकतंय. मऊ, पाण्यासारखं. खाली सांडतं, दारातनं बाहेर जातं, नदीपर्यंत जात असेल. मी ते धरायला जाते तर हाताला लागत नाही. भीती नाही वाटत. नुसतं बघत राहावंसं वाटतं.

आक्का : रिकामं ठेवलंयस म्हणून चालतंय ते सपनात. हात लाव एकदा.

शिप्रा : मम्मी, डोळे मीट. आक्काआजी, तू पण.

आक्का : मिटलं बाई.

शिप्रा : आता उघडा. बघा. गव्हाणीत आपलं घरात शिवलेलंच मांडायचं असतं ना. कपाटात होतंच की, खालच्या कप्प्यात. मी स्टुलावर चढून कडी काढली. टोपरं पण आहे, झबलं पण आहे, दुपटं पण आहे. सगळं पांढरं.

नओमी : शिप्रा.

शिप्रा : घडी मोडलेली नाही मी.

नओमी : ते आत ठेवून ये.

शिप्रा : पण मम्मी, ते विकतचं—

नओमी : आत ठेव म्हटलं ना.

आक्का : हळू, नओमी. पोरीला काय कळतंय. शिप्रे, हिकडं ये. माझ्याजवळ ये. ते न्हाई द्यायचं, बाळा. दुसऱ्याच्या लेकराला ते घालत न्हाईत.

शिप्रा : का? नवीन आहे. कुणी घातलेलंच नाही.

आक्का : तसं न्हाई. ते... आपल्यात चालत न्हाई ते. ज्याच्यासाठी शिवलं ते लेकरू... नव्या बाळंतिणीनं आसलं काय बघू सुदिक न्हाई. आन् तुझ्या आईला म्या तवाच म्हणल्यालं, जन्मायच्या आदी काय शिवू नगंस म्हणून. दम धर म्हणल्यालं.

नओमी : काय म्हणालात?

आक्का : काय न्हाई.

नओमी : नाही, म्हणालात तुम्ही. परत म्हणा.

आक्का : तोंडातनं गेलं गं माझ्या.

नओमी : माझं बाळ अशुभ नव्हतं, आक्का.

आक्का : तसं म्हणलो न्हाई मी.

नओमी : तसंच म्हणालात. आणि तुम्ही एकट्या नाही म्हणत. मीच रोज म्हणते. श्रावणापासनं रोज. आमच्यात नसतं असलं काही. आई म्हणाल्या, निवांत शीव, देवानं दिलंय तर आनंदानं शीव. मी शिवलं. लग्नातली पांढरी साडी कापली, सगळ्यात मऊ पदर होता म्हणून. तुम्ही दारातनं बघितलंत आणि म्हणालात, एवढी घाई कशाला. आणि महिन्यानं मी दवाखान्यात. शुद्धीवर आले तोवर त्याला माती देऊन, सगळं उरकून आले होते सगळे. मी बघितलं पण नाही त्याला. कुणी दाखवलंच नाही. आणि घरी आले तर हे घड्या घालून कपाटात ठेवलेलं. मी प्रार्थना करते, आक्का, गुडघे टेकते, आणि डोळे मिटले की तुमचंच वाक्य ऐकू येतं. एवढी घाई कशाला.

शिप्रा : मम्मी, मी ठेवते आत. रडू नको. मी ठेवते.

आक्का : थांब पोरी. बस हितं. नओमी, माझ्याकडं बघ. बघ की.

नओमी : बोला.

आक्का : माझ्या राजनंदिनीच्या टायमाला म्या सातव्यातच कुंची शिवल्याली. खणाची, जांभळी. सासूला दाखवली न्हाई, भाताच्या कणगीत दडवून ठेवल्याली. दोपारचं सगळी झोपली की काढायचो आन् बघायचो. रोज बघायचो. आता राजनंदिनी कशी हाय तू बघतीयासच की. दोन लेकरांची आई, आन् येतीया तवा दारातनं मावत न्हाई.

नओमी : तुम्ही शिवलीत?

आक्का : शिवली की. कुठली बाई शिवत न्हाई? हात राहतात व्हय गप? शिवायचं आन् दडवायचं, एवढंच आमच्यात. तुमच्यात दडवत न्हाईत. मग म्या तुला तसं का म्हणलो ते मलाच ठावं न्हाई. माझ्या सासूनं मला म्हणल्यालं, ते मी तुला म्हणलो. कापडानं काय हुतंय? कापड ते. हुयाचं ते झालं, बाई. तुझ्या हातानं झालं न्हाई.

नओमी : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

आक्का : कणगीतली कुंची आजवर कुणाला सांगितल्याली न्हाई. मालकास्नी सुदिक म्हाइती न्हाई.

शिप्रा : मी सांगणार नाही कुणाला.

आक्का : तू उद्या चर्चमधी माईकवर सांगशील.

नओमी : दे ते इकडं, शिप्रा. माझ्या मांडीवर दे.

शिप्रा : वास येतोय त्याला.

नओमी : डांबरगोळ्यांचा आहे. बघ, ही टीप तिरकी गेलीय. तू मध्येच येऊन पेडलवर पाय ठेवलेलास.

शिप्रा : मी?

नओमी : तूच. मला बाळाच्या मशीनची गाडी चालवायचीय म्हणालीस.

आक्का : किती बारीक टाकं घातलंयस. तुझ्या आजेसासूनं बघितलं आसतं तर उलटं करून आतनं तपासलं आसतं.

नओमी : आक्का, हे दिलं तर घरात त्याचं काहीच उरत नाही. एक फोटो नाही. नाव नाही ठेवलेलं. हेच आहे एवढं.

आक्का : मग देऊ नगंस. कोण म्हणतंय दे म्हणून? आत ठीव. विकतचा डबा मांडूया. मी कुणाला बोलायची न्हाई, सासूला सुदिक न्हाई.

नओमी : आत ठेवलं तर काय होईल?

आक्का : काय हुतंय? ऱ्हाईल. पिवळं पडंल.

नओमी : दर पावसाळ्यात मी ते उन्हात टाकेन आणि परत आत ठेवेन.

आक्का : व्हय.

नओमी : तो साडीचा पदर कुणाच्या तरी अंगावर ऊब द्यायला शिवलेला होता. मी शिवताना सारखं तेच म्हणत होते, थंडीत येणार नाही बाळ, पण थंडीत लागेल हे. आत्ता लागलं असतं. आत्ता, ह्या धुक्यात.

आक्का : रात्री लई गारठा पडतोय. खरं हाय.

शिप्रा : दवाखान्यात खिडकी उघडी असते. मागच्या वर्षी होती. त्या बाईनं बाळावर स्वतःचा स्कार्फ टाकलेला.

नओमी : उद्या मी स्वतः जाईन. आईंबरोबर नाही, मीच. जी कोण असेल तिला सांगेन, लपवणार नाही. हे माझ्या लेकासाठी शिवलेलं, तो राहिला नाही, तुला चालत असेल तर घे.

आक्का : आन् ती नगं म्हणाली तर? म्हणतील बरं का. माझ्यासारख्या बायका सगळीकडं हैत.

नओमी : तर डबा आहे की. तो देईन आणि हे परत आणेन. तिच्यावर रागावणार नाही.

आक्का : मी येऊ का संगट? तुला बोलायला जड जाईल. मी सांगतो तिला माझ्या भाषेत.

नओमी : तुम्ही तुमच्या भाषेत सांगितलंत तर ती बाळ सोडून पळेल.

आक्का : पळू दे. पर तू एकटी जाऊ नगंस. मी बाहीर बाकड्यावर बसतो. आत येत न्हाई.

नओमी : बसा बाकड्यावर.

आक्का : आणि हे आसं डांबरगोळीच्या वासाचं नेऊ नगं. लेकराच्या नाकात जाईल. दे माझ्याकडं. चुलीत इस्तू हाय, ऊद टाकतो, ववा टाकतो, आन् वेताच्या झाकणावर पसरून चांगली धुरी देतो. नव्या लेकराची कापडं देतोय तशी. म्हशीची धार काढून हुईस्तोवर शेकून निघंल. परत आणून गव्हाणीत मांडू.

नओमी : तुम्ही नेणार?

आक्का : समोरच्या दारात तर नेतोय. हितनं चांदणीच्या उजेडात दिसंल तुला मी.

नओमी : हे घराबाहेर गेलेलं नाही कधी.

आक्का : घट्ट धरतो. पदराखाली धरतो. दे.

नओमी : थांबा. टोपरं. एवढं एकदा... हं. घ्या.

आक्का : लेकरागत दिलंस गं.

नओमी : डोकं इकडं आहे.

आक्का : कळलं. शिप्रे, आईजवळ बस. गव्हाणीत चढू नगंस.

शिप्रा : आक्काआजी कशी चालतेय बघ. हळू हळू. खरंच बाळ नेल्यासारखी.

नओमी : हो.

शिप्रा : आता धुक्यात गेली. आता नुसती साडी दिसतेय. आता काहीच नाही. मम्मी, तिच्या दारात उजेड आला.

नओमी : ये, मांडीवर ये. थंडी वाजतेय तुला.

शिप्रा : मगाशी तिथं बाळाचे कपडे होते.

नओमी : आता तू ये.

शिप्रा : मी चुकले का?

नओमी : नाही गं. घाबरले मी जरा.

शिप्रा : मला वाटलं, विकतचं मांडलं तर आजीला वाईट वाटेल. आणि तुला मशीनवर बसायचं नव्हतं. म्हणून.

नओमी : शहाणी आहेस.

शिप्रा : उद्या ज्याला देऊ ते मुलगा असेल का मुलगी?

नओमी : कुणास ठाऊक. अजून वाटेत असेल.

शिप्रा : वाटेत म्हणजे कुठं?

नओमी : इथंच कुठंतरी. कबनूरहून एखादी रिक्षा निघाली असेल. नाहीतर उसाच्या फडातून कुणी निघालं असेल. धुक्यात दिवे लावून हळू येत असतील. तिचा नवरा सारखा म्हणत असेल, आलंच, आलंच.

शिप्रा : आणि त्यांना माहितीच नाही की आक्काआजी त्यांचे कपडे शेकतेय.

नओमी : काहीच माहीत नाही त्यांना.

शिप्रा : वास आला. आला ना? उदाचा.

नओमी : आला. झोप येतेय का तुला?

शिप्रा : नाही. थोडी. पप्पा म्हणाले, आपलं बाळ येशूकडं आहे.

नओमी : हो.

शिप्रा : पप्पांनी नेलेलं ना त्याला? आणि आजोबांनी. पाऊस होता तेव्हा. मी आक्काआजीच्या घरात होते.

नओमी : हो, पाऊस होता.

शिप्रा : मम्मी.

नओमी : बोल.

शिप्रा : हे तर सगळं कपाटातच होतं. मग जाताना त्याला काय घातलेलं?